पुरात होतीस का?

आज सकाळी एका अनोळखी बाईला मी 'हो' म्हणाले. तेवढंच. आता रात्रीचे साडेदहा वाजलेत, खिडकीबाहेर झाडात वटवाघळांचा कलकलाट चाललाय आणि मी अजून त्या 'हो'पाशीच बसले आहे.

ब्रिस्बेनला येऊन चार दिवस झाले. पहिले तीन फार छान गेले. इथे आत्ता पाचला लख्ख उजाडतं, कारण सिडनीसारखं उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायचं हे क्वीन्सलँडच्या लोकांना मान्य नाही. सहाला बघावं तर निम्मं गाव नदीकाठी पळून, चालून, कॉफीचा कप हातात घेऊन मोकळं. नीलमोहराचा सडा पडलाय सगळीकडे, गाड्यांच्या टपांवरसुद्धा. बसमधून उतरताना प्रत्येक माणूस ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हणतो, शाळकरी पोरंही. पन्नास सेंटमध्ये बोटीने नदीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येतं. आपले तीसेक रुपये. मी दोन दिवस नुसती बोटीतच होते. नदी इतकी वळणं घेते की तोच स्टोरी ब्रिज एकदा समोर दिसतो, एकदा पाठीमागे. साउथ बँकला १९८८ च्या एक्स्पोच्या जागेवर चक्क वाळू आणून पोहायचा किनारा केलाय. शेजारी नदी वाहतेय आणि लोक या किनाऱ्यावर टॉवेल टाकून पडलेत, कुणालाही कुठेही जायचं नाही. एक्स्पोतला नेपाळचा लाकडी पॅगोडा तेवढा तिथे राहिलाय. त्याच्या पायरीवर मी बराच वेळ बसले होते.

नदी मात्र तपकिरी. आमची कृष्णा आषाढ-श्रावणात असते तशी, पण ही बारा महिने. भरतीला फुगते, ओहोटीला खारफुटीची मुळं उघडी पडतात. लोक तिच्याकडे पाठ करून निवांत जेवतात. मला ते जमत नाही. नदीकाठच्या कुठल्याही गावात गेले की माझे डोळे आधी पायऱ्या मोजतात. इथवर आलं तर ते दुकान जाईल, तिथवर आलं तर तो दवाखाना. २०१९ च्या पुरानंतरची सवय आहे ही. त्याआधी नव्हती. २००५ नंतरही नव्हती, तेव्हा मी सांगलीच्या आयर्विन पुलावर उभी राहून पाणी बघितलं होतं, सगळ्यांबरोबर.

आज सकाळी न्यू फार्मच्या बाजूला चालत होते. नदीकाठच्या वाटेवर एका खांबावर पुराच्या खुणा दिसल्या. सगळ्यात वर १८९३, मग १९७४, मग २०११. मी जवळ गेले आणि हात वर केला. का केला माहीत नाही. आमच्या गावभागातल्या घरात भिंतीवरच्या रेघेला असाच हात लावून बघायचे, टाचा उंचावून.

मागून आवाज आला, "पुरात होतीस का गं?"

कुत्र्याला फिरवायला निघालेली बाई. सत्तरीची असेल. पायात चपला नाहीत, इथे पुष्कळ लोक असेच फिरतात.

मी म्हणाले, "हो."

तिने माझा हात धरला. म्हणाली, तो वास जात नाही, नाही का? मी म्हणाले, नाही जात. मग ती बोलत राहिली. २०११ च्या जानेवारीत इथली पाण्यावर तरंगणारी पायवाटच सुटून निघाली होती, भलामोठा तुकडा, आणि पहाटे एका टगबोटीने ढकलत, सांभाळत पुलाखालून पार नेला, नाहीतर तो खांबांवर आदळला असता. आता नवी वाट खांबांवर बांधलीय, २०१४ पासून. पाणी ओसरल्यावर झाडू-फावडी घेऊन हजारो अनोळखी माणसं आली, 'मड आर्मी' म्हणायचे त्यांना. हे सांगताना तिचे डोळे भरले. माझेही. मग कुत्र्याने ओढ घेतली आणि ती गेली. जाताना म्हणाली, मी रोज या वेळेला असते.

आणि मग माझ्या लक्षात आलं की ती इथल्या पुराबद्दल विचारत होती.

छोटी गोष्ट आहे. गैरसमज झाला, एवढंच. पण मी तो दूर केला नाही. मधे दोनदा संधी होती, तरी नाही केला. ती माझा हात धरून उभी होती आणि मला तो हात हवा होता. सांगली म्हटलं असतं तर आधी ते कुठे आहे ते सांगावं लागलं असतं.

पण खरी बोच ही नाही. सांगलीच्या पुरातही मी कुठे होते?

मी कोथरूडला टीव्हीसमोर होते. दर तासाला फोन, "पूल किती?" म्हणजे आयर्विन पुलाशी पाणी किती फूट. पन्नास. बावन्न. पंचावन्न. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे आकडे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ. मग साडेसत्तावन्न, आणि त्याच्याही आधीपासून फोन लागेना. रस्ते बंद. आई आणि दादा माडीवर. ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटल्याची बातमी आली तेव्हा मी... ते नको.

रस्ता उघडल्यावर गेले. पाणी केव्हाच उतरलं होतं. डब्यातल्या गव्हाला कोंब आलेले, शिवणयंत्राच्या ड्रॉवरमध्ये गाळ, आणि तो वास. मी आठ दिवस घासत होते. दादा तेव्हा जे म्हणाला ते म्हणाला. त्याच्या जागी मीही म्हणाले असते कदाचित. घराचं पुढे काय झालं ते आज लिहीत नाही.

तर पुरात होते का मी? चिखलात होते. पाण्यात नव्हते. आमच्या घरात या दोन गोष्टी एक नाहीत. कुणी तसं बोलून दाखवत नाही, पण पुराचा विषय निघाला की आई आणि दादा एकमेकांकडे बघून बोलतात आणि मी चहा टाकायला उठते. सहा रात्री त्यांच्या आहेत. माझ्याकडे त्यातली एकही नाही. म्हणून आज दहा हजार किलोमीटरवर, जिथे मला कोणी ओळखत नाही, तिथे मी पटकन 'हो' म्हणून टाकलं? त्या बाईने हात धरला तेव्हा मला जे वाटलं ते आईने कधी... असो. आई का धरेल? तिचाच हात धरायला हवा होता कुणीतरी.

दुपारभर आकड्यांशी खेळत बसले. २०११ ला इथे ४.४६ मीटर, म्हणजे साडेचौदा फूट. १९७४ ला ५.४५, जेमतेम अठरा. मनात आलंच, एवढंच? आमचं साडेसत्तावन्न! आणि लगेच लाज वाटली. यांची पट्टी समुद्रसपाटीपासून मोजते, आमची पुलाखालच्या शून्यापासून. पूर पुराशी असा मोजता येत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी मोजलं. वाद मात्र तोच. १९७४ नंतर यांनी वायव्हनहो धरण बांधलं, आता पूर नाही म्हणून लोक निर्धास्त झाले. २०११ ला तेच धरण भरलं, आणि पाणी कधी सोडायला हवं होतं यावरून वर्षानुवर्षं कोर्टात भांडण चाललं. अलमट्टी धरणाचं नाव काढलं की आमच्याकडे अजून कट्ट्यावर जे होतं, तेच.

म्हणजे हे लोक विसरलेले नाहीत. मी तीन दिवस त्यांचा निवांतपणा बघून मनातून चिडत होते, आज कबूल करते. २०२२ लाही पाणी आलं होतं इथे. २०११ ला वाट वाहून गेली, त्यांनी पुन्हा बांधली आणि त्याच वाटेवरून कुत्रं घेऊन फिरतात. अनवाणी.

साडेआठला आईला फोन केला. तिकडे चार, तिची चहाची वेळ. न राहवून सगळं सांगितलं. बाई, खांब, 'हो', सगळं. मला वाटलं ती गप्प होईल, किंवा विषय बदलेल. मी श्वास धरून होते.

आई म्हणाली, "बरं, पण तिच्या घरात किती आलं होतं?"

मी म्हणाले, विचारलं नाही.

"अगं, ते नाही विचारलंस? एवढा वेळ बोलत होतात ना? माणसं सगळी नीट होती का तिची? सामान वर नेता आलं का?"

नाही विचारलं. एकही प्रश्न विचारला नाही मी. माझ्या 'हो'चं काय करायचं याचाच विचार करत राहिले आणि ती बाई सत्तरीची, कदाचित १९७४ लाही इथेच असेल. दोन पूर. आईसारखीच.

आईने मग अर्धा तास २००५ आणि २०१९ ची तुलना सांगितली. बादलीत उतरवलेलं दूध, शेजारच्या माडीवरून आलेली भाकरी. मी मधे मधे विचारत होते. फोनवर होतो म्हणून असेल, चहा टाकायला उठता आलं नाही.

उद्या सहाला त्या वाटेवर जाईन. मी इथल्या पुरात नव्हते, हे आधी सांगेन. सांगली कुठे आहे तेही सांगेन, वेळ लागला तरी चालेल. मग विचारेन. ती मीटरमध्ये सांगेल, त्याचे फूट करून घ्यायला हवेत. आईला मीटरमध्ये कळत नाही.