जॉयरीची जिरेल

तलवार आणि जादूटोण्याच्या अद्भुतकथांत पुरुष योद्ध्यांचीच सद्दी असताना, १९३४ साली सी. एल. मूर या लेखिकेने जॉयरीच्या गढीची लालकेशी स्वामिनी जिरेल हिला नायिका केले. तिच्या कथा मोजक्याच असल्या, तरी पुढच्या तलवारधारी नायिकांची वाट तिनेच मोकळी केली, असे मी मानते. पहिल्या कथेत, गढी जिंकणाऱ्या गिओमचा सूड घेण्यासाठी ती तळघराखालच्या भुयारातून एका अघोरी जगात उतरते. तेथे गळ्यातला क्रूस काढेपर्यंत तिला काळोखाखेरीज काहीच दिसत नाही. (मला हाच तपशील सर्वांत भयंकर वाटतो.) तिथून आणलेल्या अस्त्राने शत्रू मरतो आणि आपले त्याच्यावर प्रेम होते, हे तिला तेव्हा उमगते. हा शेवट मला अजूनही पुरता पटलेला नाही.