एका घरात किती अंडी?

8 एप्रिलला सकाळी मी परसातून ओरडलो, "अगं, अंडी आहेत!"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्रश्न आला, "किती?"

"पुष्कळ!"

खिडकी बंद झाली. पुष्कळ म्हणजे चांगलंच, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं.

वाईला आमच्या परसात सातेरी, म्हणजे आपल्याकडच्या देशी मधमाश्यांच्या चार पेट्या आहेत. म्हणजे तेव्हा चार होत्या. मी बँकेत कॅश काउंटरला बसतो. सहा वर्षांपूर्वी महाबळेश्वरला मध संचालनालयात मधमाशीपालनाचं प्रशिक्षण घेतलं आणि तेव्हापासून सुट्टीचा दिवस पेट्यांमागे जातो. बायकोच्या मते सुट्टी नसलेलाही जातो. पहिली पाच वर्षं कुठलीच पेटी बिघडली नाही, त्यामुळे मला यातलं बरंच कळतं असा माझा समज झाला होता.

बिघाड सुरू झाला तो फेब्रुवारीत, तीन नंबरच्या पेटीत. परसातला शेवगा फुललेला, माश्या दाटीवाटीनं बसलेल्या. पोळ्यांच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगांसारखी नऊ राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढवायची घरं, लोंबत होती. याचा अर्थ मोहोळ उठण्याच्या, म्हणजे थवा पेटी सोडून जाण्याच्या तयारीत आहे. राणीघरं काढून टाकली की बेत थांबतो, हे शिकलो होतो. नऊच्या नऊ कापली आणि समाधानानं हात धुतले.

पण त्यातल्या दोन-तीन घरांना मेणाच्या टोप्या बसल्या होत्या, म्हणजे ती बंद झाली होती. पहिल्या राणीघराला टोपी बसायच्या सुमाराला जुनी राणी अर्ध्याअधिक माश्या घेऊन निघून जाते. मी बँकेत नोटा मोजत असताना तो थवा कधीच गेला होता. आत राणी दिसली नव्हती खरी, पण सातेरीची राणी तशीही सहज दिसत नाही. काळसर, लाजरी, आणि धूर दिला की सगळ्याच माश्या धावत पोळ्याच्या लाकडी चौकटीच्या टोकाला जाऊन घोस करतात. म्हणून मी फार शोधलं नाही. घरातली आई गेलेली, आणि पाळण्यातल्या नऊ मुली मी माझ्या हातानं कापल्या.

5 मार्चला पेटी उघडली तर अंडं नाही, अळी नाही. मग एक नंबरच्या पेटीतली ताज्या अंड्यांची एक चौकट माश्या झटकून तीन नंबरमध्ये ठेवली. हे मात्र बरोबर केलं. राणी नसलेल्या माश्या अशा चौकटीतल्या कोवळ्या अळ्या निवडतात, त्यांना राजखाद्यावर, म्हणजे राणीसाठीच्या खास खाद्यावर वाढवतात, आणि अंडं घातल्यापासून 15-16 दिवसांत राणी बाहेर येते. चार दिवसांत पाच राणीघरं दिसली. 17 तारखेला एका घराची टोपी झाकण उघडल्यासारखी गोल कापलेली होती. राणी जन्मली होती.

खरं तर इथून पुढे मी पेटीकडे बघायलाच नको होतं. नवी राणी पाच-सात दिवसांची झाली की दुपारी आकाशात जाते, तिथे अनेक नरांशी तिचं मीलन होतं, आणि त्या दोन-चार फेऱ्यांतली शिदोरी तिला जन्मभर पुरते. मी काय केलं? दर दोन दिवसांनी, बँकेतून जेवायला घरी आलो की पेटी उघडून बघितली. अंडी आली का? नाही. अंडी आली का? नाही. त्याच आठवड्यात समोरच्या विजेच्या तारेवर वेडे राघू ओळीनं बसायला लागले होते. या हिरव्या पाखरांचं मुख्य खाणंच माश्या. राणी कुणी खाल्ली असेल तर यांनीच, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो.

तर ती 8 एप्रिलची अंडी. चौकट उन्हाकडे धरली, पांढरे कण चमकले आणि मी ओरडलो. मग संध्याकाळी महाबळेश्वरच्या बाजूला राहणाऱ्या एका जुन्या मधपाळांना फोन केला. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. कौतुकाची अपेक्षा होती.

"आरं, एका घरात किती अंडी हायती?" आबांनी विचारलं.

"एका घरात?"

"चष्मा लावून बघ उद्या."

दुसऱ्या दिवशी वाचायचा चष्मा लावला. पोळ्यातल्या एका षट्कोनी घरात तीन. शेजारच्यात दोन. एकात चार, तीही तळाला नाहीत, भिंतीला चिकटलेली. दिवसभर नोटा मोजणारा माणूस मी, आणि अंडी मोजायची राहिली.

राणी नाही आणि पिल्लंही नाहीत असे दिवस गेले की कामकरी माश्याच अंडी घालायला लागतात. सातेरीत हे फार लवकर होतं. त्यांचं पोट आखूड, घराच्या तळापर्यंत पोचत नाही, म्हणून अंडी भिंतीला लागतात. एकीनं घातलं की दुसरीही तिथेच घालते. ही अंडी फळलेली नसतात, त्यांतून फक्त नर निघतात. आणि नर काम करत नाहीत. अशा पेटीला नवी राणी दिली तर बहुतेक वेळा माश्या तिला मारून टाकतात, कारण त्यांच्या लेखी राणी आहेच.

आबांना पुन्हा फोन केला, वेड्या राघूंचंही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले.

"दुपारची पेटी उघडत हुतास का?"

"हो. जेवायच्या सुट्टीत."

"मग राघूला कशापायी बोल लावतोस? ती भाईर गेलेली, आन् तू घराचं छप्पर काढून बसलेला. परत यायचं कुठं तिनं?"

खरं कारण राघू की मी, हे कळायला मार्ग नाही. पण तारेवरच्या पाखरांना शिव्या देणं मी त्या दिवसापासून थांबवलं.

पेटी मोडायची ठरली. रविवारी ऊन चढल्यावर तीन नंबरच्या चौकटी चाळीस पावलांवर नेऊन जुन्या चादरीवर झटकल्या आणि रिकामी पेटी घरात नेऊन ठेवली. माश्या उडाल्या, सवयीनं जुन्या जागी आल्या, आणि तिथे नुसतं स्टँड. पायांखालच्या पाण्याच्या वाट्या तशाच. तासभर त्या मोकळ्या जागेवर, पेटी असायची नेमक्या त्याच उंचीवर, घिरट्या घालत होत्या. मी ओट्यावर बसून बघत होतो. बायको चहा घेऊन आली, तिनंही बघितलं, आणि काही न बोलता शेजारी बसली. संध्याकाळपर्यंत बऱ्याच माश्या दोन आणि चार नंबरच्या दारांशी गेल्या. दारावर थोडी झटापट झाली, मग आत घेतलं. पोटात मध घेऊन आलेल्या पाहुण्याला फारसं कुणी अडवत नाही.

मे महिन्यात एक नंबरनं जांभळाचा तीन किलो मध दिला. वर्षाचा मध तेवढाच.

जुलैत दोन नंबरची म्हातारी राणी गेली. माश्यांनी स्वतःच पोळ्याच्या मधोमध एक राणीघर बांधलं, राणी निघाली. या वेळी मी शहाणा झालो होतो, पेटी उघडली नाही. साखरेचा पाक तेवढा संध्याकाळी गुपचूप ठेवायचो. महिन्यानं, पावसानं उघडीप दिली तेव्हा, चष्मा लावून बघितलं. एका घरात एकच अंडं, अगदी तळाशी. बायकोला हाक मारून सांगितलं, "एकच आहे!"

दहा-बारा दिवसांनी घरांना टोप्या बसल्या, त्या फुगीर. टोपीच्या टोकाला सुईनं टोचावं तसं बारीक भोक. सातेरीच्या नराच्या घराची हीच खूण, आणि ही घरं कामकऱ्यांची होती, ज्यांच्या टोप्या सपाट असतात. राणी होती, अंडी नीट घालत होती, पण पावसाच्या झडीत तिला मीलनासाठी बाहेरच पडता आलं नव्हतं, म्हणून नुसती नरांची अंडी. पडली असती तरी भेटायला कोण? पावसाळ्यात अन्न कमी पडलं की माश्या नरांना हाकलून देतात. मी मोबाइलवर ज्यांचे व्हिडिओ बघत होतो ते लोक अशा वेळी पोस्टानं नवी राणी मागवतात. त्यांच्या माश्या युरोपातल्या जातीच्या. सातेरीची राणी मला कुठे विकत मिळाली नाही.

आबा म्हणाले, तिला काढ आणि माश्या चार नंबरला जोड. काढ म्हणजे मार. राणी शोधायला पाऊण तास लागला. बोटांत धरल्यावर तिनं डंखही मारला नाही. राणी माणसाला सहसा डंख मारत नाही, हे वाचलं होतं. मारला असता तर सोपं गेलं असतं. नखात चिरडायचं म्हणतात, ते मला जमेना. शेवटी पायाखाली टाकली आणि दुसरीकडे बघितलं.

मग चार नंबरवर वर्तमानपत्राचा एक कागद, त्याला टाचणीनं भोकं, वर दोन नंबरची कोठी. अग्रलेखाचं पान वापरलं. कागद कुरतडेपर्यंत दोन्हीकडच्या माश्यांना एकमेकींचा वास ओळखीचा होतो. तिसऱ्या दिवशी दारात कागदाचा भुगा पडला होता.

ऑक्टोबरमध्ये पठारावर सोनकी पिवळी झाली, खाली कारळा फुलला. दोनच पेट्या उरल्या होत्या, पण एक नंबर भरभरून वाहत होती. आधी दारांवर नर उडताना दिसतात का ते आठवडाभर बघितलं. दिसले. मग 18 तारखेला तिच्यातल्या अंडी-अळ्यांच्या तीन चौकटी, माश्यांसकट, तीन नंबरच्या रिकाम्या पेटीत ठेवल्या, राणी जुन्या घरातच आहे याची दोनदा खात्री करून. वहीत तारखा लिहिल्या. बँकेतला डबा बँकेतच खायला लागलो. पेटीला हात लावला नाही, फक्त सकाळी दाराशी उकिडवं बसून माश्यांच्या पायांवर परागाच्या गोळ्या आहेत का तेवढं बघायचो.

24 दिवसांनी उघडली. चष्मा आधीच डोळ्यांवर होता.

"किती?" खिडकीतून विचारणा झाली.

"एकच!"

"मागच्या वेळीही एकच होतं."

झाकण लावलं. वहीत 11 नोव्हेंबर लिहिलं आणि बारा दिवस तिकडे फिरकलो नाही. तेराव्या दिवशी सकाळी, ऊन परसात यायच्या सुमाराला, मधली चौकट उचलली.

टोप्या सपाट होत्या.