नववी ब, पाचवा तास

मंगळवार, रात्री

आज नववी ब ला दोन चलांतील रेषीय समीकरणं. समीकरण फळ्यावर मांडून दिलं की निम्मा वर्ग सोडवतो. तेच शब्दांत आलं की सगळे खाली माना घालतात.

'दोन संख्यांची बेरीज 50 आहे. मोठी संख्या लहान संख्येच्या तिपटीपेक्षा 2 ने जास्त आहे.' मागच्या बाकावरच्या एकाला वाचायला उभं केलं. पहिलं वाक्य कसंबसं झालं, दुसऱ्यात 'ति... तिप...' आणि थांबला. कान लाल. मुलं हसायला लागली, त्यांना दटावलं. मग मीच वाचून दाखवलं. 'लहान संख्या वाय धर. तिची तिप्पट?' 'तीन वाय.' 'त्याहून दोनने जास्त?' 'तीन वाय अधिक दोन, मॅडम.' एका दमात! खडू दिला, तर 12 आणि 38 काढून मोकळा.

म्हणजे या पोराचं गणित पक्कं आहे आणि बोर्डात तो गणितात नापास होईल. लेखी 40-40 गुणांच्या दोन पेपरांत त्याला वाचून दाखवायला कोण येणार?

स्टाफरूममध्ये विषय निघाला की सगळं खापर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यावर, आठवीपर्यंत नापास करायचं नाही म्हणून. मला हे पटत नाही. त्याच कायद्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन होतं. मूल कुठे अडलंय ते वर्षभर बघत राहायचं. ते आपण नोंदवह्या भरून उरकलं. 2019 मध्ये कायदा बदलला, आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आहे. पण तोच वर्ग पुन्हा केल्याने वाचता कसं येईल? कोणीतरी शेजारी बसून वाचून घ्यावं लागतं.

आणि शेजारी बसायला वेळ कुठाय? आजचे दोन्ही ऑफ तास यूडायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती) आणि अपारच्या (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) कामात गेले. आधारवर नाव एक, रजिस्टरला दुसरं. पालकांना फोन लावा. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्टला असलेला बाप दुपारी फोन उचलत नाही, यात त्याचा काय दोष? दिंडोरीकडच्या शाळेतली मैत्रीण तर म्हणते, द्राक्षाची छाटणी सुरू झाली की मजुरांची मुलं आठवडेच्या आठवडे दिसत नाहीत. निदान माझी मुलं रोज समोर असतात.

तास संपल्यावर तो मुलगा टेबलापाशी आला. 'मॅडम, उद्या परत वाचायला सांगाल? पण सगळ्यांसमोर नको.'

उद्या मुख्याध्यापकांना भेटते. नववी ब मधली अशी मुलं मला माहीत आहेत. आठवड्यातले दोन तास नुसत्या वाचनाला द्या म्हणणार आहे, माझे ऑफ तास घ्या हवं तर. माहिती भरायला दुसरं कोणी बघा.