लाजेचे २,५६२ डॉलर

६ फेब्रुवारी २०२४, मंगळवार. दहाच्या मीटिंगला मॅनेजरशेजारी एचआरची बाई दिसली तेव्हाच मी चार्जर गुंडाळायला घेतला. अकरा वर्षांची नोकरी चहा निवायच्या आत संपली.

अनएम्प्लॉयमेंटचा, म्हणजे बेकारी भत्त्याचा, अर्ज मी केला तो ५ मार्चला. मधले दिवस काय करत होते? लाजत होते. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनमध्ये दुकानात कोणी भेटलं की ‘सध्या घरूनच काम’ म्हणत होते, जे अगदी खोटंही नव्हतं. घरची भांडी मीच घासत होते. शिवाय कोणीतरी ठामपणे सांगितलं होतं की सेव्हरन्स, म्हणजे कामावरून काढताना कंपनी देते ती रक्कम, घेतली की भत्ता मिळत नाही. न्यू जर्सीत तसं नाही. नोटिशीऐवजी दिलेला पगार आडवा येतो, पण सेवेच्या वर्षांवर मोजून दिलेली एकरकमी सेव्हरन्स येत नाही. मला वाटतं, मला ते खोटं ऐकायचंच होतं.

शेवटी नवऱ्याने माझी जुनी पे-स्लिप ओट्यावर आणून ठेवली आणि ‘यूआय’, म्हणजे बेकारी विम्याच्या, बारक्या ओळीवर बोट ठेवलं. वर्षाला साधारण सव्वाशे ते पावणेदोनशे डॉलर, अकरा वर्षं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हा पैसा फक्त मालक भरतो. कामगाराच्या पगारातूनही कापणारी राज्यं तीनच : अलास्का, पेनसिल्व्हेनिया आणि आमचं. ‘तुझेच आहेत,’ तो म्हणाला आणि कुकर लावायला गेला.

दावा सुरू होतो अर्ज केलेल्या आठवड्याच्या रविवारपासून, आणि सबळ कारण नसेल तर मागची तारीख मिळत नाही. माझा भत्त्याचा दर बसला कमाल, त्या वर्षीचा ८५४ डॉलर आठवड्याला. सरासरी आठवडी पगाराच्या साठ टक्के, पण त्याहून जास्त नाही. वाया गेलेले पूर्ण आठवडे तीन. भत्ता जास्तीत जास्त २६ आठवडे मिळतो; ती मर्यादा संपायच्या आतच मला नोकरी लागली, म्हणजे ते २,५६२ डॉलर गेले ते गेलेच.

यात नदीचीही एक गंमत आहे. आमच्या कॉलनीतल्या एका मैत्रिणीची नोकरी त्याच महिन्यात गेली, पगार माझ्याएवढाच. पण तिचं ऑफिस नदीपलीकडे, न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनला. घर कुठे आहे ते नाही, काम कुठे केलं ते बघतात. तिला न्यूयॉर्ककडे अर्ज करावा लागला आणि तिथली कमाल तेव्हा ५०४ होती. आणि माझ्या टीममधला एच-वनवाला, म्हणजे एका मालकाशी बांधलेल्या व्हिसावरचा, मुलगा? यूआय त्याच्याही पगारातून कापलं जात होतं. त्याच्या हातात मात्र साठ दिवस, तेवढ्यात दुसरा मालक शोधा नाहीतर सामान बांधा. कुठलंही काम घ्यायला मोकळा नाही, म्हणून त्याच्यासारख्यांना भत्ता सहसा मिळत नाही. हे मला आजही पटत नाही.

आठवडा संपला की सर्टिफाय करायचं, म्हणजे त्या आठवड्याच्या भत्त्यासाठी ऑनलाइन प्रश्नांची उत्तरं भरायची. काम करायला सक्षम आणि मोकळी होतीस का? शोधलंस का? नाकारलंस का? काही कमावलंस का? आठवड्याला तीन ठिकाणी प्रयत्न केल्याची नोंद ठेवावी लागते. मी ती फ्रिजवरच्या कालनिर्णयवर ठेवली. गुढीपाडव्याच्या चौकोनात तीन कंपन्यांची नावं आहेत, त्यातल्या दोघांवर काट, आणि कोपऱ्यात ‘श्रीखंड – चक्का आणणे’. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, टॅक्सचे दहा टक्के मी आधीच कापायला सांगितले होते. राज्य या पैशावर कर लावत नाही, पण फेडरल सोडत नाही, आणि एप्रिलमध्ये एकदम भरायचं म्हटलं की डोळे पांढरे होतात.

मे महिन्यात आप्पा मिरजेत न्हाणीघरात घसरले. मी दोन आठवडे गेले. देशाबाहेर असताना तुम्ही कामाला ‘उपलब्ध’ नसता, म्हणजे दावा करायचा नाही. ‘व्हीपीएन लाव, अमेरिकेतूनच भरतेयस असं दिसेल, कोण बघतंय,’ असा सल्ला मिळालाच. मी ते आठवडे सोडले आणि परत आल्यावर दावा पुन्हा उघडला. धुतल्या तांदळासारखी आहे म्हणून नव्हे हो. वसुलीचं पत्र आलं असतं तर ते उघडायचं धाडस मला झालं नसतं.

मिरजेत आप्पांना हे सगळं समजावून सांगितलं. पायाखाली दोन उश्या, हातात पेपर. ‘म्हणजे सरकार घरबसल्या पगार देतं?’ मी म्हटलं, विमा आहे आप्पा, हप्ते मी भरलेत. बराच वेळ पेपर चाळून म्हणाले, ‘मग दर रविवारी आठवणीने भरत जा गं. हयगय नको.’

जुलैत मला नोकरी लागली, दावा बंद केला, त्यांना सांगितलंही. काल रविवार होता. आमच्याकडे सकाळचे साडेसात, त्यांचा फोन : ‘भरलंस का?’

‘भरलं, आप्पा.’