वाघाला मागे सरकवणारा मुलगा

उमरेड मार्गावरील एका लहान उद्यानात मी सोंगांबरोबर चालण्याचे काम करते. ससा, मोर आणि वाघ अशी आमची तीन सोंगे आहेत. फोमचे डोके आणि जाड केसाळ कापडाचा अंगरखा चढवलेल्या माणसाला समोरचे केवळ तोंडाच्या जाळीतून दिसते, पायाशी आलेले मूल तर दिसतच नाही. म्हणून त्याच्या शेजारी सतत कोणीतरी असावे लागते. सोंगाने बोलायचे नाही आणि मुलांसमोर डोके उतरवायचे नाही, हे आमचे दोन पक्के नियम आहेत. १९५५ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या डिस्नेलँडमध्येही पूर्ण मुखवट्यातली पात्रे सहसा खुणांनीच संवाद साधतात.

लहान मुले सोंगाला घाबरतात तेव्हा पालक समजावतात, ‘अरे, आत माणूस आहे.’ या समजावण्याचा तीन-चार वर्षांच्या मुलावर फारसा परिणाम होत नाही. रीटा डेव्हरीज या अमेरिकी संशोधक बाईंनी १९६९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. मुलांना एका मांजराशी खेळू दिले, मग त्याचे तोंड पडद्याआड नेऊन त्याला कुत्र्याचा मुखवटा घातला. शेपटीकडची बाजू मुलांना पूर्ण वेळ दिसत होती. तरीही तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांना मांजराचा कुत्राच झाला असे वाटले, तर सहा वर्षांच्या मुलांना बहुधा तसे वाटले नाही. म्हणून अंगणवाडीच्या वयाचे मूल आले की मी सोंगाला आधी पाठमोरे उभे करते. मूल शेपटीला हात लावते, मग बाजूने डोकावते, आणि तोंडासमोर यायचे की नाही हे त्याचे ते ठरवते. सोंगाने गुडघे टेकून मुलाच्या उंचीला यावे, हेही आम्हाला शिकवलेले आहे आणि एरवी ते फार उपयोगी पडते.

जानेवारीत सिंदेवाही तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेची सहल एसटीच्या गाडीने आली. मुले उतरत असतानाच सरांनी मला बाजूला घेतले. “मॅडम, तिसरीतला एक पोरगा आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या आज्याले वाघानं मारलं. मोहफूल वेचाले गेले होते.” चंद्रपूर जिल्ह्याच्या त्या भागात मोहाच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात अशा घटना घडतात, हे मला माहीत होते, पण ते दुःख सहलीच्या गाडीतून आमच्या फाटकाशी येईल, याचा विचार आमच्या कोणत्याच शिकवणीत नव्हता.

मोह वेचणारा माणूस खाली वाकलेला असतो, आणि वाघ दबा धरून बसलेला असतो. म्हणजे गुडघे टेकून बसणारा वाघ, जो इतर मुलांना प्रेमळ वाटतो, तोच या मुलाला सर्वांत भयंकर दिसणार होता. मी धावत जाऊन आमच्या वाघाला सांगितले की आज अजिबात बसायचे नाही; माणसासारखे दोन पायांवर ताठ उभे राहायचे आणि खेळण्यातल्या रेल्वेच्या पलीकडेच थांबायचे. वाघाच्या आत असतो तो तरुण पूर्वी दंडारीत, म्हणजे विदर्भातल्या लोकनाट्यात, नाचलेला आहे, त्यामुळे खूण त्याला चटकन कळते.

मुलगा गाडीच्या पायरीवरच बसून राहिला. त्याला मी जवळ बोलावले नाही. त्याच्या शेजारी बसले आणि पलीकडे वाघाचे सोंग आहे, हे आधीच सांगून टाकले.

“आत माणूस हाये, मले माहीत हाये,” तो म्हणाला. “पण दिसते तर वाघच न.”

त्याचे म्हणणे मला पूर्णपणे बरोबर वाटले आणि मी तसे त्याला सांगितले. आठ वर्षांच्या मुलाला मुखवट्याची समज असते, पण समज असली म्हणजे भीती गेली असे होत नाही. मग मी म्हटले, “तू इथूनच हात कर. तू सांगशील तसा तो मागे जाईल.”

बराच वेळ त्याने हात उचलला नाही. नंतर कोपरापासून जरासा हलवला. वाघ एक पाऊल मागे गेला. मुलाने पुन्हा हात केला. वाघ पुन्हा मागे गेला. असे करत करत त्याने वाघाला तिकीटघराच्या भिंतीपर्यंत मागे नेले, भिंतीला पाठ लागल्यावर वळायला लावले, आणि तसाच पाठमोरा उभा ठेवला. त्या काळात तो पायरीवरून केव्हा उतरला आणि रेल्वेच्या कठड्याशी केव्हा पोचला, हे त्याच्या लक्षात आले नसावे.

शाळेतली इतर मुले वाघाकडे धावली, तेव्हा त्यांना कुठे थांबायचे हेही तोच कठड्यावरून ओरडून सांगू लागला. सर प्रेमाने म्हणाले, “जा, जवळ जा, फोटो काढू.” मी त्यांना हात जोडून थांबवले. मोठ्यांना फोटोची घाई असते, आणि त्या घाईत मुलाने मिळवलेले सगळे एका क्षणात जाते. फोटो निघाला तो मुलगा कठड्याशी आणि वाघ दूर भिंतीशी, असाच निघाला.

जेवणाआधी तो माझ्याकडे आला. “मॅडम, याचे कान चुकले. मागून काळे असतात, न् मंधात पांढरा ठिपका. मी पाह्यला हाये.” आमच्या वाघाचे कान मागूनही केशरीच होते. ठिपका केवढा असतो हे मी विचारले, तेव्हा त्याने माझ्या वहीत कान काढून दाखवला, एकदा खोडला, आणि ठिपका थोडा मोठा करून पुन्हा काढला. उमरेडच्या पेंटरने कान रंगवले ते त्या पानावरूनच.