देऊळ फिरलं त्या जागी

परभणीला आतेबहिणीचा साखरपुडा होता. तो थाटात झाला, दुसऱ्या दिवशी शेतात हुरडा झाला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता आत्या म्हणाली, "लेकीचं जमलं, आता औंढ्याला नागनाथाला सांगून येऊ. येतीस का?" मी गेले. हे लिहायला बसले ते त्या तिसऱ्या दिवसामुळे.

आधी पिशवीतल्या पुस्तकाबद्दल सांगायला हवं. येताना रात्रभराच्या गाडीत वाचायला म्हणून मी 'द दा विंची कोड'चा जुना मराठी अनुवाद कपाटातून काढून आणला होता. कॉलेजात असताना तो मी एका रात्रीत संपवला होता. दोन-तीन पानांची प्रकरणं, आणि प्रत्येक प्रकरण अशा जागी तुटतं की दिवा मालवायला हात उठत नाही. संग्रहालयातला खून, मेलेल्या माणसानं मागे ठेवलेल्या खुणा, आणि चर्चनं शतकानुशतकं दडवलेलं गुपित: येशूचं त्याच्या शिष्येशी, मरीया मग्दालीयाशी, लग्न झालं होतं. कथा सुरू होण्याआधीच एक पान आहे. त्यात लेखक ठामपणे सांगतो की कादंबरीतली गुप्त संघटना १०९९ साली स्थापन झालेली, खरीखुरी आहे.

मी त्या पानावर विश्वास ठेवला. होस्टेलवर माझी एक मैत्रीण जालन्याची होती, ख्रिस्ती. तिला मी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमच्या चर्चनं हे लपवलं." तिनं आवाज चढवला नाही. म्हणाली, "अगं, मेलेल्यांतून उठलेला येशू पहिल्यांदा मरीया मग्दालीयेला दिसला, हे आमच्याकडे ईस्टरला मोठ्यानं वाचून दाखवतात. लपवायचं असतं तर तेच लपवलं असतं ना?" त्यानंतर आठवडाभर ती माझ्या टेबलावर बसली नाही.

ती संघटना १९५६ साली फ्रान्समध्ये पिएर प्लांटार नावाच्या माणसानं नोंदवलेली निघाली. तिचा 'प्राचीन' इतिहास सांगणारे कागद त्याच्याच मंडळींनी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवले होते. हे मला फार उशिरा कळलं आणि मी मैत्रिणीला फोन करून माफी मागितली. तेव्हा तिनं मला आणखी एक गोष्ट सांगितली. मग्दालीयेवर अन्याय झालाच होता, पण तो तळघरात झाला नव्हता. इसवी सन ५९१ मध्ये पोप ग्रेगरीनं प्रवचनात सांगितलं, की मग्दालीया आणि बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली ती नाव नसलेली पापी स्त्री एकच. भर चर्चमध्ये, सगळ्यांच्या कानांदेखत. पुढे शेकडो वर्षं लोक तिला वेश्या समजत राहिले. मूळ ग्रंथात तसं कुठंही लिहिलेलं नाही आणि तो ग्रंथ सगळ्यांसमोर उघडाच होता. २०१६ साली व्हॅटिकननं तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला. या गाडीप्रवासात पुस्तक पुन्हा वाचताना पानं तितक्याच वेगानं उलटत होती. कथा सांगण्यात लेखकाचा हात धरणारे थोडेच, हे मी आजही म्हणेन. ते पहिलं पान मात्र मला आजही माफ करता येत नाही.

परभणीहून औंढा पन्नासेक किलोमीटर. काळीपिवळीत मागच्या बाकावर आम्ही पाच बायका, एकीच्या मांडीवर लेकरू, पायांत कुणाचं तरी तुरीचं पोतं. असं बसणं आता मला सोसत नाही. आत्याला त्याचं काही नव्हतं. तिनं वाटेत मला पुस्तकाची गोष्ट सांगायला लावली आणि शेजारच्या बायकाही ऐकत बसल्या.

औंढ्याचं देऊळ दुरून दोन देवळं एकावर एक ठेवल्यासारखं दिसतं. खाली यादवकाळातला काळा कोरीव दगड, वर नंतर बांधलेलं पांढरं शिखर. जुनं कुठं संपतं आणि नवं कुठं सुरू होतं, तो सांधा डोळ्यांना सरळ दिसतो. पायथ्याला हत्तींची रांग आहे. कितीतरी मूर्तींचे चेहरे फुटलेत, पण कमरेचा बाक आणि गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी शाबूत आहे. मी तिथं रेंगाळले तर आत्यानं हाताला धरून ओढलं. "आधी देव."

देव जमिनीखाली आहे. मंडपातून अरुंद, उभ्या पायऱ्या खाली जातात. एका वेळी एकच माणूस, तेही अंग चोरून. खालून वर येणारे आणि वरून खाली जाणारे तिथंच अडतात. बेल, तेल आणि दमट दगड यांचा एकत्र वास येतो. हात टेकला ती भिंत ओली होती. खाली छत इतकं जवळ की ताठ उभं राहता येत नाही, सगळे वाकलेले नाहीतर बसलेले. पिंडीवर हात ठेवायला मिळाला तो मोजून दोन क्षण, मग मागून रेटा आला. मला गुदमरलं. पण आत्यानं त्या दोन क्षणांत पिंडीला काहीतरी सांगून घेतलं. तिचे ओठ हलताना मी पाहिले. रात्रभर तळघरं आणि गुप्त कोठड्या वाचून आलेल्या माझ्या मनाला वाटत होतं, जे काही असेल ते इथंच असणार.

वर आल्यावर लक्षात आलं, समोर नंदीच नाही.

"तो मागं आहे," आत्या म्हणाली आणि मला देवळाच्या पाठीमागे घेऊन गेली. तिथं उन्हात टेकून बसत तिनं सांगितलं. "नामदेव महाराज इथं कीर्तनाला उभे ऱ्हायले. लई गर्दी झाली. पुजाऱ्यांना आत जायला वाट मिळंना. ते म्हणले, महाराज, तुम्ही मागं जाऊन कीर्तन करा. महाराज मागं आले तर देऊळच फिरलं त्यांच्याकडं. नंदी ऱ्हायला जाग्यावर."

नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर याच गावात भेटले असं सांगतात, आणि नामदेवांचं नरसी इथून लांब नाही. गोष्ट मी लहानपणी ऐकलेली होती, पण नंदीजवळ बसून ऐकताना अंगावर काटा आला. पुजाऱ्यांची चूक देवळानं स्वतःच्या दगडात धरून ठेवली होती. उलगडायला ना सांकेतिक लिपी, ना किल्ली. जो कुणी "नंदी मागं कामून?" असं विचारेल, त्याला कुणीही सांगतं.

परतीची गाडी नांदेडहून रात्रीची होती. हाताशी चार तास होते म्हणून सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गेले. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जिथं देह ठेवला, ती ही जागा. लंगरमध्ये डाळ-रोटी वाढणारं आदरातिथ्य मला कुठल्याही हॉटेलात मिळालेलं नाही. तुम्ही कोण, कुठल्या, कुणी विचारत नाही, फक्त "और?" विचारतात. जेवणानंतर एका म्हाताऱ्या सेवादारांशी बोलता बोलता मी औंढ्याहून आल्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. स्वच्छ मराठीत म्हणाले, "म्हणजे देहुरा फिरला तिथून आलात!"

गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत हे मला ठाऊक होतं. ही गोष्टही त्यांत आहे, खुद्द नामदेवांच्या तोंडून, हे ठाऊक नव्हतं. अंग, म्हणजे पान, ११६४. त्यांनी डोळे मिटून ते पद हळू आवाजात म्हटलं. अर्थ विचारावा लागला नाही. नामदेव म्हणतात, मी हसत-खेळत तुझ्या देवळात आलो, भजन करत होतो, मला धरून उठवलं. माझी जात हीन. देवा, शिंप्याच्या जन्माला मला का घातलंस? मग आपलं कांबळं घेऊन ते उलटे फिरले आणि देवळाच्या पाठीमागे जाऊन बसले.

त्या पदात गर्दीचा शब्द नाही. वाट न मिळालेले पुजारी नाहीत. दंडाला धरून उठवलेला एक माणूस आहे, त्याची जात आहे आणि त्याचं कांबळं आहे. औंढ्याहून दोन तासांच्या वाटेवर ते पद म्हटलं जातं, आणि आम्ही नंदीजवळ बसून भलतीच गोष्ट ऐकत होतो. त्या पोपच्या प्रवचनावर मला राग आला होता, तोच राग तिथं पुन्हा आला, आणि आता तो माझ्या घरच्यांवर आणि माझ्यावर होता.

स्टेशनवर आल्यावर आत्याला फोन लावला आणि पदाचा अर्थ सांगितला. ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं, तिला आवडलं नसावं.

मग म्हणाली, "जातीवरूनच उठवलं होतं गं. आमचा आजा तसंच सांगायचा. गर्दी आम्हीच म्हणायला लागलो."

कधीपासून, ते तिला आठवेना.