आमची वाटचाल : पांढरा पडदा आणि तीन फ्लॅश

पाटण तालुक्यात शाळेच्या ओळखपत्रांचा सीझन म्हणजे जून-जुलै, आणि जून-जुलै म्हणजे पाऊस. भरदुपारी वर्गात ट्यूब लावावी लागते, तीही लाईट असली तर. अशा खोलीत चारशे पोरांचे फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडवर एकसारखे काढून द्यायचे, हा आमचा धंदा. १९९८ साली स्टुडिओ टाकला, २००६ ला रोल सोडून डिजिटलवर आलो. लग्नाच्या ऑर्डरी सगळे करतात तशा आम्हीही केल्या, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. आमचं नाव झालं ते पडद्यावर.

सुरुवातीला आमच्याकडेही हजार वॉटचे दोन हॅलोजनच होते. पोरांचे डोळे बारीक व्हायचे, कपाळावर घाम यायचा आणि फोटोत पडदा पिवळट पडायचा. त्यात २००५ नंतर ग्रामीण भागात दिवसाचे दहा-दहा तास लोडशेडिंग. कोयनेचं धरण आमच्या उशाला, आणि शाळेत फोटो काढायला जनरेटर भाड्याने न्यायचा! डिझेल, भाडं, उचलणारा माणूस, सगळं वजा केलं की हातात काही उरायचं नाही. मग ठरवलं, विजेवर अवलंबून राहायचंच नाही. सेलवर चालेल तेवढंच सामान ठेवायचं, आणि ते एका मोटरसायकलवर बसलं पाहिजे.

इथे आमच्या दाजींचं नाव घेतलंच पाहिजे. दाजींचा मंडपाचा व्यवसाय. पायाखाली काय टिकतं आणि वाऱ्यात काय पडतं, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. मंडपाचा जीआय पाईप जड, पीव्हीसी मध्येच वाकतो. दाजींनी फॅब्रिकेशनवाल्याकडून एकात एक बसणारे अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे करून घेतले. उभे दोन, आडवा एक, उंची आठ फूट. पायावर वजन म्हणून गोडेतेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन. जाताना रिकामे न्यायचे, शाळेच्या नळावर भरायचे, निघताना झाडांना ओतायचे. बाजारात वाळूच्या पिशव्या विकत मिळतात, त्या घाटातून वाहून नेणाऱ्याने एकदा हा हिशेब करावा.

पडदा म्हणजे जाड मांजरपाट, पन्हा साठ इंच, मध्ये शिवण नको. एकेरी कापडातून मागची हिरवी भिंत डोकावते, म्हणून दुहेरी. घडी घालायची नाही, पाईपवर गुंडाळायचा. आणि धुताना नीळ किंवा चमक आणणारी पावडर अजिबात नको. डोळ्याला ते कापड शुभ्र दिसतं, फ्लॅशखाली मात्र निळसर मारतं, आणि मग प्रत्येक फोटोत तो निळेपणा काढत बसावं लागतं.

आता लायटिंग. नवीन पोरं आमच्याकडे येऊन विचारतात, पडदा पांढरा असून फोटोत राखाडी का येतो? तोंडासमोरची अंब्रेला, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवणारी छत्री, पोरापासून चार फुटांवर, पडदा पोराच्या मागे सहा फूट. म्हणजे अंब्रेलापासून पडदा दहा फूट. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, त्यामुळे तोंडावर जेवढा पडतो त्याच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढा पडद्यावर पोचतो. अडीच स्टॉपचा फरक; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. मग पडदा राखाडी येणारच. त्याला स्वतःचा उजेड द्यावा लागतो.

म्हणून तीन फ्लॅश. तोंडाला एक, अंब्रेलातून. पडद्याला दोन, दोन्ही बाजूंनी, आणि प्रत्येकाचं तोंड जवळच्या नव्हे, समोरच्या कडेकडे. तरच मध्ये आणि कडेला उजेड सारखा बसतो. फ्लॅशच्या पोराकडच्या बाजूला काळा कागद चिकटवलेला पुठ्ठा बांधायचा, नाहीतर मागचा उजेड पोराच्या गालावर आणि आपल्या लेन्सवर येतो. कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर एफ आठ, शटर एकशेसाठला, आयएसओ दोनशे; या सेटिंगला वर्गातली ट्यूब आणि हिरवी भिंत फोटोत येत नाही. पडदा तोंडापेक्षा एक स्टॉप वर, बस. दोनच्या वर गेलात की केसांच्या कडा विरघळतात, कान लाल पेटल्यासारखे दिसतात. आमच्याकडे गणवेशाचा शर्टही पांढरा असतो. उजेड जास्त होऊन कोरा पांढरा पडलेला भाग कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर लुकलुकतो; ती लुकलुक फक्त कापडावर दिसली पाहिजे. कॉलर लुकलुकायला लागली की समजायचं, पांढरं फाटलं.

फ्लॅशला कंपनीची किंमत तेव्हा वीस हजारांच्या पुढे. आम्ही चारेक हजारांचे योंगनुओ या चिनी कंपनीचे मॅन्युअल फ्लॅश घेतले. त्यात ऑटो काही नाही, पण आपल्याला ऑटो हवंय कशाला? पोरगं बदलतं, स्टूल बदलत नाही. मागचे दोन पूर्ण ताकदीच्या सोळांशावर ठेवले की चार-चार सेलवर आख्खी शाळा निघते. स्लेव्हवर, म्हणजे दुसरा फ्लॅश उडाला की त्याच्या उजेडाने आपोआप उडतील असे, चालवताना एक जपायचं : कौतुकाने एखादे सर स्वतःच्या कॅमेऱ्याने फ्लॅश मारतात, त्यासरशी आपले दोन्ही फुकट उडतात. आधीच नम्रपणे सांगून ठेवावं.

हे सगळं बसलं होतं, शाळा जोडलेल्या होत्या, आणि २०१३ ला शहरातली एक पार्टी तालुक्यात उतरली. त्यांचा रेट आमच्या निम्मा. कार्ड घ्या, फोटो फुकट. पडदा नाही, लाईट नाही. पोराला व्हरांड्यात भिंतीला टेकवून उभं करायचं, कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारायचा आणि पुढचं काम कॉम्प्युटरवर. कटआउट करून मागे पांढरं भरायचं. एकाच सीझनमध्ये आमच्या जवळजवळ सगळ्या शाळा गेल्या. ज्यांच्याकडे आम्ही दहा-दहा वर्षं स्नेहसंमेलनाचे फोटो घरचं कार्य समजून काढले, त्यांनी फोनही उचलले नाहीत. कॅमेऱ्याचा हप्ता चालू होता, दुकानाचं भाडं थकलं. घरी मंडळी म्हणाली, शटर ओढा आणि दाजींकडे हिशेब लिहायला जा. दाजी म्हणाले, भाड्याचं मी बघतो, पडदा खाली ठेवायचा नाही. एका संस्थेचं आदल्या वर्षीचं बिल त्याच वेळी अडकलं. ते आजही येणं आहे.

त्या वर्षी एकच शाळा आमच्याकडे राहिली, ढेबेवाडी खोऱ्यातलं एक हायस्कूल. तिथले हेडसर आम्हाला पहिल्यापासून ओळखत. दरवर्षी कार्डांचा गठ्ठा आला की एकेक कार्ड खिडकीपाशी धरून बघायचे, पोराचे दोन्ही कान पूर्ण आलेत की नाही. त्यांच्या संस्था कमिटीने रेटवरून धारेवर धरलं तेव्हा सरांनी शेजारच्या शाळेतलं त्या पार्टीचं एक कार्ड आणि आमचं एक कार्ड टेबलावर शेजारी ठेवलं. त्या पार्टीच्या कार्डावर पाचवीतली मुलगी होती. दोन वेण्या वर बांधलेल्या, एका बाजूची लाल रिबीन अर्धी कापून गेलेली, कानाचा वरचा काठ सपाट, आणि केसांच्या कडेने हिरवी भिंत दोऱ्यासारखी राहिलेली. सर एवढंच म्हणाले, ‘‘ही आपल्या शाळेतली असती तर तिच्या आईला काय सांगितलं असतं?’’ ऑर्डर आमच्याकडे राहिली, आमच्याच रेटने.

पुढच्या दोन जूनमध्ये निम्म्या शाळा परत आल्या. कुणी रेटवर घासाघीस केली, कुणी न बोलता तारीख दिली. उरलेल्या निम्म्या अजून तिकडेच आहेत, आणि ती पार्टी आता पांढरं कापड लावून दोन बाजूंना दोन फ्लॅश मारते. पोराच्या मागे अंतर किती ठेवतात तेही आम्ही पाहिलंय. सहा फूट. शिकले कुठून हे तालुक्याला माहीत आहे.

नवीन पोरांना सांगणं एवढंच, पहिल्याच वर्षी तीन फ्लॅशचा खर्च करू नका. एकावरही निभावतं. पोराला पडद्यापासून दोन फुटांवर आणा, फ्लॅश दहा फूट लांब आणि चांगला उंच न्या. मग तोंड आणि पडदा यांत अर्ध्या स्टॉपचाच फरक राहतो, आणि सावली खांद्यामागे खाली उतरते, फ्रेमच्या बाहेर. कमाई झाली की आधी चांगले सेल आणि चांगला चार्जर घ्या, लेन्स नंतर. सेलवर मार्करने नंबर टाका आणि चार-चारची जोडी मोडू नका. एक मेलेला सेल बाकी तिघांना ओढतो. पूर्णाकृती फोटोचं काम या पडद्यावर घेऊ नका. पायाखालचं कापड मळतं आणि राखाडीच येतं, त्याला स्टुडिओतली सनमायकाच लागते, आणि आठ बाय चारची सनमायका मोटरसायकलवर जात नाही.

हेडसर रिटायर झाले. नातीच्या पासपोर्टच्या फोटोला तिला घेऊन आले होते, तेव्हाही फोटो खिडकीपाशी धरूनच बघितला.

यंदाच्या जूनच्या तारखा मेअखेरपर्यंत ठरवतो. शाळांनी एक वर्ग रिकामा द्यावा, लांबी अठरा फूट तरी हवी, बाक आदल्या दिवशी बाहेर काढून ठेवावेत. लाईट नसली तरी चालेल.